पडद्यावरचे पात्र आणि घरातले पात्र

सिनेमा हा विषय वारकऱ्यांच्या मासिकात कशाला, अशी शंका काही सज्जन घेतील. शंका रास्त आहे. टाळ, वीणा, मृदंग यांच्या संगतीत जन्म घालविलेल्या माणसाने रुपेरी पडद्याविषयी लिहावे हे ऐकताना विपरीत वाटते. परंतु कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेताना लोक जे विचारतात, त्यावरून प्रपंचातली खरी अडचण कळते. पूर्वी लोक विचारीत, "महाराज, एकादशीला भगर चालते काय?" आता आमच्या वऱ्हाडातल्या आयाबाया विचारतात, "महाराज, पोट्टे दिवसभर मोबाइलात सिनेमे पाह्यतात, काय करावं?" ज्या प्रश्नाने आई-बाप रात्री जागे राहतात, तो प्रश्न परमार्थाच्या बाहेरचा म्हणून टाकून देता येत नाही.

तेव्हा प्रश्न असा मांडू. प्रपंची माणसाने लेकराबाळांसह बसून चित्रपट पाहावा काय? पाहिला, तर त्यातून हाताला काही लागते, की लागले असे नुसते वाटते? शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष नीट ऐकावा, मग सिद्धांत सांगावा. आपणही तसेच करू.

पूर्वपक्षाचे तीन आक्षेप आहेत. पहिला असा की सिनेमा हे मिथ्या आहे. कापडावर उजेड पडतो आणि विझतो. तिथे ना तुकोबा, ना इंद्रायणी, ना रडणारे लेकरू. खोट्याकडे पाहून खरे कसे मिळेल? दुसरा आक्षेप वेळेचा. अडीच-तीन तास बसून राहायचे, तेवढ्यात हरिपाठ होऊन ज्ञानेश्वरीच्या चार ओव्यांचे चिंतनही होते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. संताचे सोंग नटाने पैशासाठी घ्यायचे आणि आपण त्याला हात जोडायचे, यात संताचीही विटंबना आणि आपल्या हातांचीही.

यांतला वेळेचा आक्षेप लवकर निकाली निघतो. जो माणूस सिनेमा सोडून हरिपाठ म्हणणार आहे, त्याने खुशाल तेच करावे. त्याच्यासाठी हा लेख नाही. पण सिनेमा सोडून जो पारावर गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत बसणार, त्याचा वेळ कुठे वाचला? पहिला आणि तिसरा आक्षेप मात्र विचाराचे आहेत.

मिथ्यापासून सत्याचा लाभ होत नाही, हे म्हणणे वेदांताला मान्य नाही. पाठशाळेत आम्हाला एक दृष्टांत शिकविला होता. माणूस गाढ झोपला आहे. स्वप्नात सिंह येतो, गर्जना करतो आणि माणूस दचकून जागा होतो. सिंह खोटा, गर्जना खोटी, पण आलेली जाग खरी. शास्त्रही याच न्यायाने जीवाला जागे करते असे आचार्य सांगतात. म्हणून एखादी गोष्ट मिथ्या आहे एवढ्यावरून ती टाकता येत नाही. तिने जाग आली की झोप अधिक गडद झाली, हे पाहावे लागते. सिनेमाची परीक्षा हीच. पडदा विझल्यावर घरातली माणसे अधिक जागी आहेत, की अधिक पेंगुळलेली? ही कसोटी पुढे शेवटपर्यंत हातात धरून ठेवू.

तिसऱ्या आक्षेपाचे अर्धे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. सोंग घेणे हे आपल्याला परके नाही. नाथ महाराजांनी भारुडे रचली ती सोंगासाठीच. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेला माणूस ही सगळी पात्रे उभी करून त्यांनी अडाण्याच्या दारापर्यंत अध्यात्म नेले. ललितात सोंगे येतात, दशावतारात येतात. आम्ही कीर्तनकार तरी दुसरे काय करतो? एका वाक्यात जिजाई होऊन भांडतो, दुसऱ्या वाक्यात तुकोबा होऊन हसतो. तेव्हा सोंगाला नाव ठेवणाऱ्याने आधी आमचा फेटा उतरवावा. उरलेले अर्धे उत्तर पुढे येईल.

आपल्या देशात हा धंदा सुरू कसा झाला तेही पाहण्याजोगे आहे. 1910-11 च्या सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचे चित्रपट पाहिले. पडद्यावर ख्रिस्त पाहत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ते चित्र त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखविले. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, त्यामागे या माउलीचे दागिने होते. एवढ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक तीच करी आणि फिल्मच्या कामालाही तीच हात लावी. हरिश्चंद्राचा रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. पुढे 1919 च्या 'कालियामर्दना'त कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. सांगायचे एवढेच की आपल्याकडचा सिनेमा एका घरातून जन्माला आला. बाप, आई, मुलगा, मुलगी सगळी त्यात राबली. तो घराचा वैरी म्हणून आलेला नाही. वैर कोठे झाले असेल तर ते मागाहून झाले.

आता गेल्या सुट्टीतल्या शनिवार-रविवारची हकीगत सांगतो, म्हणजे प्रश्न हवेत राहणार नाही. मुलगा-सून पुण्याला नोकरीला आहेत. नातू बारा वर्षांचा, नात आठ वर्षांची. वर्षातून दोनदा वलगावला येतात. आल्या दिवशी जेवणानंतर पाहिले तर ओसरीत पाच माणसे आणि चार पडदे. मुलाच्या हातात एक, सुनेच्या हातात एक, नातवाच्या एक, आणि नात आजीच्या मांडीवर बसून आजीच्याच फोनमध्ये. कोणी भांडत नव्हते, कोणी रुसले नव्हते. सगळे शांत होते. पण पंढरीच्या वाटेवर एका दिंडीत चालणारी अनोळखी माणसे एकमेकांना जेवढी ओळखतात, तेवढीही ही रक्ताची माणसे त्या घटकेला एकमेकांजवळ नव्हती. मी म्हटले, "बाबांनो, पाहायचेच आहे तर सगळे मिळून एक पाहू." मुलाने घरच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिले आणि ठरले की दोन दिवसांत चार चित्रपट: तीन माझ्या पसंतीचे, एक नातवाच्या.

नातवाचा आधी लावला, कारण पाहुण्याचा मान पहिला. नवा मारामारीचा चित्रपट होता. नाव सांगत नाही, त्याची काही आवश्यकता नाही. अर्धा तास बरा गेला. मग एक गाणे आले आणि आमच्या घरातल्या सगळ्यांना एकदम तहान लागली. सून पाणी आणायला उठली, मुलगा पंखा पाहू लागला, मी चष्मा पुसू लागलो. ही तहान महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नातू मात्र गोंधळून सगळ्यांकडे पाहत होता. त्याला पडद्यावरचे काही विशेष वाटले नव्हते. आम्हाला काय झाले हे त्याला कळत नव्हते.

त्या वेळी मला भरतमुनींची आठवण झाली. नाट्यशास्त्रात रंगमंचावर काय दाखवू नये याचा विचार आहे. चुंबन, आलिंगन, शय्या असले प्रकार प्रत्यक्ष दाखवू नयेत असे मुनी सांगतात. कोणी म्हणेल, जुन्या काळचे सोवळे! पण त्यांनी दिलेले कारण ऐका. ते म्हणतात की नाटक हे बाप आणि मुलगा, सासू आणि सून एकत्र बसून पाहत असतात, म्हणून या गोष्टी टाळाव्यात. या गोष्टी पापच आहेत असे त्यांनी म्हटले नाही. शृंगाराला तर त्यांनी रसांत पहिले स्थान दिले आहे. त्यांनी पाहिले ते बाजूला कोण बसले आहे हे.

आजचे सरकारही चित्रपटांना प्रमाणपत्र देते. 1952 च्या कायद्याने ही व्यवस्था आहे. 1983 पासून पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याचा 'यूए' वर्ग आला आणि 2024 च्या नियमांनी त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले. चांगलीच गोष्ट आहे. पण भेद ध्यानात घ्या. सरकार विचारते, पाहणाऱ्याचे वय किती? मुनी विचारतात, पाहणारे एकमेकांचे कोण? वयाचा विचार एकेकट्याचा असतो, नात्याचा विचार घराचा असतो. जो तो आपल्या फोनमध्ये पाहू लागला म्हणजे वयाचा प्रश्न कदाचित सुटेल, पण नात्याची लाज निघून जाते. एकट्याने पाहताना कोणाला तहान लागत नाही! मला तर वाटते, ती तहान हे घर जागे असल्याचे लक्षण आहे. आपल्या माणसासमोर जे पाहवत नाही ते एकांतात का पाहवते, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला वेगळ्या उपदेशाची गरज नाही.

नातवाला रागावलो नाही. अर्ध्यावर चित्रपट बंद करण्याची पाळीही आली नाही. गाणे पुढे सारले आणि शेवटपर्यंत पाहिले. मग विचारले, "त्या नायकाने जे बावीस-तेवीस जण लोळविले, त्यांच्या घरी कोणी असेल का रे?" नातू म्हणाला, "आजोबा, त्यांची घरं दाखवत नसतात." त्याच्या तोंडून हे निघाले त्यातच सगळे आले. ज्याचे घर दाखवीत नाहीत, त्याला मारताना पाहणाऱ्याचे मन दुखत नाही.

शनिवारी रात्री 'संत तुकाराम' लावला. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, 1936 सालचा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना ज्या संप्रदायाने आपले मानले, त्याला यात नवल नाही. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनिसांनी केले. हे गृहस्थ आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पण त्या चित्रपटानंतर लोक त्यांना हात जोडू लागले. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांताचे एक पद लिहिले, ते इतके एकजीव झाले की लोकांना ते तुकोबांचेच वाटले आणि गाथेत शोधणारे शोधत बसले. यात आठवले यांचा गौरवच आहे. आपल्यासाठी बोध इतकाच की गोड लागले म्हणून ते संतवचन ठरत नाही. ज्या घरात सिनेमा पाहिला जातो, त्या घरात गाथाही उघडली जावी, म्हणजे नक्कल कोणती आणि अस्सल कोणते हे लेकराला कळेल.

पाहताना माझे लक्ष नातीकडे होते. तुकोबांपेक्षा तिला जिजाई अधिक आवडली. पोरगा तापाने फणफणला आहे, नवरा विठ्ठल विठ्ठल करतो आहे, तेव्हा ती बाई तरातरा देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन देवालाच जाब विचारते. नातीने मला विचारले, "आजोबा, देवाला राग नाही आला?" मी म्हटले, "तुला काय वाटतं?" ती थोडी थांबून म्हणाली, "नाही येणार. ती बाळासाठी भांडत होती ना." भक्तीचे इतके सरळ भाष्य मी मोठमोठ्या सप्ताहांतही ऐकलेले नाही. स्वतःच्या लुगड्यासाठी भांडणारी जिजाई वेगळी आणि लेकरासाठी भांडणारी वेगळी. देवाशी भांडणे हीसुद्धा जवळीक आहे, हे आपल्या संतांनी आयुष्यभर करून दाखविले आहे. नातीला ते कीर्तनात कळले नव्हते, पडद्यावर कळले. मग मी पडद्याला नाव का ठेवू? स्वप्नातल्या सिंहाने एक लेकरू जागे केले, एवढे मी मानतो.

रविवारी दुपारी 'श्यामची आई' लावला. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावरचा आचार्य अत्रे यांचा चित्रपट 1953 चा, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक 1954 साली त्यालाच मिळाले. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. श्याम पोहायला भिऊन लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने मारून विहिरीवर पाठविते, तेव्हा नातू म्हणाला, "केवढी कडक!" पण तोच श्याम रात्री आईजवळ जातो तेव्हा तिचे डोळे कसे भरलेले असतात, हे पाहून तो गप्प झाला. चित्रपट संपल्यावर माझा मुलगा उठून अंगणात गेला आणि बराच वेळ तुळशीपाशी उभा होता. त्याला काय वाटले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. बाप-लेकांत काही गोष्टी न विचारण्याच्याच असतात.

रात्री 'देवकीनंदन गोपाला'. हा 1977 चा, राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला, गाडगेबाबांच्या चरित्रावरचा. आम्हा वलगावकरांना बाबांचे चरित्र सांगावे लागत नाही. 23 फेब्रुवारी 1876 रोजी याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेले डेबूजी, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव झाडीत फिरले, दिवसा गल्ल्या आणि रात्री मने. पंढरीला येणाऱ्या गरिबासाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः देवळात जाण्याची धडपड केली नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांना अमरावतीकडे नेत असता आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, मोटारीतच त्यांनी देह ठेवला. आज तिथे त्यांची निर्वाणभूमी आहे.

चित्रपटात बाबा झाले आहेत डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यवैद्य, पुढे थोर नट. 2019 साली ते गेले. देव मानीत नाही असे ते उघडपणे सांगत आणि लिहीत. चित्रपट पाहून आमच्या घरात बायामाणसांनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात माझा मुलगा सहज म्हणाला, "लागू तर नास्तिक होते." नातवाने लगेच विचारले, "मग त्यांचं ते सगळं खोटं होतं?" आणि क्षणभर थांबून माझ्याकडे वळला, "आजोबा, तुम्ही कीर्तनात रडता, ते खरं असतं का?"

सज्जनहो, सबंध प्रकरणाचे मर्म या एका प्रश्नात आहे, आणि तिसऱ्या आक्षेपाचे राहिलेले उत्तरही इथेच आहे. म्हणून सावकाश विचार करू.

सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्त नावाचे आचार्य झाले. नाट्यशास्त्रावर त्यांची टीका आहे. नटाला आपण 'पात्र' का म्हणतो, हे ते फार सुंदर सांगतात. पात्र म्हणजे भांडे. भांड्यात पेय असते, पण भांड्याला त्याची चव कळत नाही. चव कळते पिणाऱ्याला. तसा रस नटाला कळो न कळो, तो सहृदय प्रेक्षकापर्यंत पोचविणे हे त्याचे काम. भांडे स्वच्छ असावे, गळके नसावे, एवढी त्याच्याकडून अपेक्षा. या न्यायाने लागूंनी आपले काम चोख केले. देव मानणे न मानणे हा त्यांचा प्रश्न होता. पात्र निर्मळ होते, म्हणून बाबांच्या कळवळ्याचा एक थेंबही सांडला नाही. ज्या बाबांनी जन्मभर दगडातल्या देवापेक्षा भुकेल्या माणसाकडे बोट दाखविले, त्यांचे काम प्रामाणिक माणसाच्या वाट्याला आले यात मला विटंबना दिसत नाही. आणि गंमत पाहा, अत्रे यांच्या 1954 सालच्या 'महात्मा फुले' या चित्रपटात खुद्द बाबाच पडद्यावर येतात. तिथे सोंग नाही, स्वतः धनी आहे. पण तिथेही दिसते ती पडद्यावरची छायाच. छाया खऱ्याची असो की सोंगाची, जाग आपल्यालाच यावी लागते.

नटाला पात्र होणे पुरते. कीर्तनकाराला पुरते काय? माझे उत्तर, नाही. नट रंग उतरवून घरी जातो आणि त्याने बाबांसारखे वागावे असे कोणी म्हणत नाही. कीर्तनकाराची गोष्ट निराळी. तो नारदाच्या गादीवर उभा राहतो, वैराग्य सांगतो, तेव्हा श्रोता त्याचे जगणे तारण म्हणून धरतो. तुकोबांनी कीर्तन विकून पोट भरण्याचा निषेध केला तो याचसाठी. त्यांच्या काळी सालोमालो होता, दुसऱ्याचे अभंग आपल्या नावाने खपविणारा. तो चित्रपटातही आहे आणि आजही निपुत्रिक गेलेला नाही. आता तर कीर्तनही फोनमध्ये दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत फिरते. त्यातला विनोद तेवढा कापून घेतात, नाम गळून जाते. पडद्यावर आलेल्या कीर्तनकाराने स्वतःला विचारावे, मी भांडे आहे की पिणारा?

आणि आई-बाप? त्यांना तर पात्र होण्याची सोयच नाही. नटाचा प्रेक्षक अडीच तासांचा, कीर्तनकाराचा दोन तासांचा. आई-बापांचा प्रेक्षक जन्माचा आहे आणि तो पडद्यामागे राहतो. त्याला रंग लावतानाही दिसतो, उतरवतानाही दिसतो. श्यामची आई थोर झाली ती यामुळे की तिने मुलासमोर एक आणि मुलामागे एक असे केले नाही.

म्हणून नातवाला मी म्हटले, "बाळा, माझे रडणे खरे की कसे, हे कीर्तनात बसून तुला कळायचे नाही. ते घरी पाहा. मी तुझ्या आजीशी कसा बोलतो, दारात मागायला आलेल्याशी कसा वागतो, बिदागी कमी पडली म्हणजे तोंड कसे करतो, ते पाहा. मग तूच मला सांग." स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "हो रे बापू, नीट पाह्यजो!" सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्या जन्माची परीक्षा एका बारा वर्षांच्या पोराच्या हाती त्या रात्री मी दिली आहे, आणि ती परत घेता येत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. सिनेमाचे अश्रू फार स्वस्त असतात. 1975 साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक जोडे बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले-पैसे उधळीत. 1987 मध्ये 'रामायण' मालिका आली, तेव्हा आंघोळी करून टीव्हीला हार घालीत. त्या भावाला मी हसणार नाही. भोळा भाव आहे तो. पण पडद्यावरच्या भुकेल्यासाठी रडलो म्हणजे आपण दयाळू झालो, असे मनाला वाटू लागते आणि दारातला भुकेला तसाच जातो. त्या अश्रूंनी जाग आली नाही, झोपेतच कूस बदलली. गाडगेबाबा पाया पडू देत नसत. वाकणाऱ्याच्या पाठीत काठी बसे. त्यांना ठाऊक होते की पाया पडून माणूस मोकळा होतो, आणि खराटा तसाच पडून राहतो. हात जोडले की काम संपले असे वाटणे, हाच सिनेमाचा मोह आणि हाच देवळाचाही मोह.

तेव्हा सिद्धांत काय? चित्रपट पाहावा की नाही, याला सर्वांसाठी एक उत्तर नाही. पण पाहायचा तर वारकऱ्याने नेमाने पाहावा. एकादशीचा नेम असतो, वारीचा असतो, तसा याचाही असावा. मी तीन नेम सुचवितो.

पहिला नेम, एकत्र पाहावे. सासरा आणि सून, बाप आणि लेक एका सतरंजीवर बसून जे पाहू शकतील ते पाहावे. यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहू नये. बाजूला बसलेले माणूस हेच प्रमाणपत्र. आठवड्यात एक पाहावा, पण एकाच पडद्यावर.

दुसरा नेम, पाहून झाल्यावर एक घटकाभर बोलावे. कीर्तन झाल्यावर जसे माणसे पारावर बसून चर्चा करतात, तसे. त्यात मोठ्यांनी कमी बोलावे आणि लेकरांना विचारावे: तुला कोण आवडले? कोणाचे घर दाखविले नाही? उत्तर चुकले तरी लगेच दुरुस्त करू नये. आपण शिकवायला बसतो आणि पुष्कळदा शिकून उठतो.

तिसरा नेम, पाहिलेल्यातले काही एक हाताने करावे. गाडगेबाबा पाहिले तर दुसऱ्या सकाळी आपले दार आपण झाडावे. श्यामची आई पाहिली तर आईला फोन करावा, आणि ती जवळ असेल तर फोन ठेवून तिच्याजवळ बसावे. तुकोबा पाहिले तर गाथेचे एक पान वाचावे. एवढे न घडेल तर अश्रू वाया गेले असे समजावे.

मुलगा-सून परत पुण्याला गेली. जाताना सूनबाई म्हणाल्या, "आप्पा, रविवारची एक रात्र सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवायचं ठरवलंय." पुण्याच्या धामधुमीत किती दिवस टिकते ते पांडुरंग जाणे. नेम मोडतात, पुन्हा धरावे लागतात. वारीत चुकलेला वारकरी पुढच्या मुक्कामाला दिंडी गाठतोच. लेकरांचे डोळे दोन ठिकाणी असतात, एक पडद्यावर आणि एक आपल्यावर. पडद्यावरचे पात्र चांगले निवडणे आपल्या हाती थोडे आहे. घरातले पात्र निर्मळ ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्याला पंढरीच्या राण्याने बळ द्यावे, एवढे मागून शब्द आवरतो.

रामकृष्णहरि.